लाइक आठशे, देणगीदार अकरा

आटपाडी तालुक्यातल्या एका लहान विश्वस्त संस्थेच्या ताईंचा प्रश्न आहे. संस्था वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना हायस्कूलला जायला सायकली देते आणि एक अभ्यासिका चालवते. ताई लिहितात: "फेसबुकवर आमचं पेज आहे. सायकलवाटपाच्या फोटोला आठशे लाइक आले. देणगी अकरा जणांनी दिली, त्यातले सात आमचेच नातेवाईक. कुणी म्हणतं रील टाका, कुणी म्हणतं ब्लॉग सुरू करा. या कामाला आमच्याकडे आठवड्याचे तीन-चार तास आणि एक मोबाईल आहे. काय करावं?"

ताई, आठशे लाइकवाल्यांना सध्या बाजूला ठेवा. मला त्या अकरातले नातेवाईक नसलेले चौघे महत्त्वाचे वाटतात. त्यांना आजच फोन करा. निमित्त आभार मानायचं असू दे, पण एक गोष्ट आठवणीनं विचारा: आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि पैसे द्यावेसे का वाटले? मी गेली अठरा वर्षं सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या लहान संस्थांसाठी लिहिण्याचं काम करतो. आधी छापील पत्रकं आणि वार्षिक अहवाल होते, आता हे मोबाईलवरचं सगळं. ज्या ज्या संस्थेला मी हा फोन करायला लावला, तिथे उत्तर जवळजवळ एकच आलं. नुसती पोस्ट बघून पैसे दिलेला माणूस क्वचित निघतो. कुणी तुमच्या सरांच्या हाताखाली शिकलेलं असतं, कुणाची बहीण त्या वाडीत दिलेली असते, कुणी यात्रेला आल्यावर त्या मुलींना सायकलवरून जाताना बघितलेलं असतं. पोस्टनं फक्त आठवण करून दिलेली असते.

लाइक म्हणजे जाता जाता घातलेला रामराम. रामराम घालणाऱ्या प्रत्येकाकडे आपण हातउसने मागत नाही. त्याला ओळख लागते, आणि दुसऱ्यांदा मागायचे असतील तर पहिल्यांदा नेलेले कुठे गेले ते सांगावं लागतं. फेसबुक, व्हॉट्सॲप, ब्लॉग यांचा उपयोग मी मुख्यतः या दुसऱ्या कामाला करतो: ज्यांना आपण माहीत आहोत त्यांना हिशेब देत राहणं. पैशाचा हिशेब तर झालाच, पण कामाचाही. नवी माणसं त्यांच्याच ओळखीनं येतात.

आता ही ओळखीची माणसं राहतात कुठे ते बघा. आटपाडी, खानापूर, शेजारचे माण-खटाव, या पट्ट्यातली माणसं दुष्काळानं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर काढली. गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, तुमच्याकडची कुटुंबं केरळ-तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत दुकानं टाकून बसली आहेत. आमच्या साताऱ्याच्या जावळी-पाटणची माणसं तशीच मुंबईला माथाडी म्हणून गेली. गावाच्या देवळाला, शाळेच्या खोलीला हीच माणसं हात देतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. खरसुंडीच्या यात्रेला कोण कुठून येतं ते तुम्ही दरवर्षी बघता. या माणसाला 'ग्रामीण महिला सक्षमीकरण' असं म्हटलं की तो मान डोलावतो. 'आपल्या वाडीतल्या नऊ पोरी' म्हटलं की खिशात हात घालतो. त्याला कामाची समज कमी असते असं नाही. मोठ्या शब्दांत त्याला त्याचा रस्ता दिसत नाही, एवढंच.

त्याचा सगळा दिवस दुकानात जातो आणि गावाशी त्याचा संबंध व्हॉट्सॲपवर टिकलेला असतो. म्हणून आठवड्याच्या चार तासांतले दोन तास व्हॉट्सॲपला द्या, हे माझं मत. यात काही बारकावे आहेत, ते न कळल्यामुळे पुष्कळ संस्था वर्ष-वर्ष हवेत बोलत राहतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तुमचा निरोप पोचतच नाही. तुम्हाला वाटतं अडीचशे जणांना गेला. प्रत्यक्षात साठ जणांना गेलेला असतो. उपाय साधा आहे. पावती त्याच नंबरवरून पाठवायची आणि खाली लिहायचं, 'हा नंबर संस्थेच्या नावानं सेव्ह करा, सायकलींची खबर इथेच येईल.' ग्रुप करायचा तर 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे सेटिंग पहिल्या दिवशीच लावा. नाहीतर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक, आणि निवडणूक लागली की दोन भावकींची भांडणं. एकदा ग्रुप म्यूट झाला की तो परत उघडत नाही. सप्टेंबर २०२३ पासून आपल्याकडे चॅनेलची सोय आली आहे. त्यात निरोप एकाच बाजूनं जातो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. अनोळखी लोकांसाठी चॅनेल बरं, पण जवळच्या दोनशे माणसांना ब्रॉडकास्टच. तो निरोप त्यांना आपल्या एकट्याला आल्यासारखा दिसतो आणि ते उत्तर देतात. त्या उत्तराला पुन्हा तुम्ही उत्तर दिलंत तर तो माणूस तुमचा झाला. अंगठ्याच्या चित्रावर भागवू नका.

आवाजाचाही विचार करा. तुमच्या शेजारी म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं बायकांसाठी सामुदायिक रेडिओ चालवला, त्यामागे साधी गोष्ट होती: माणदेशातल्या बाईला माणदेशी बोलीत सांगितलं की ती ऐकते. तुमच्या अभ्यासिकेतल्या मुलीनं दीड मिनिट, लिहून न काढता, तिच्या बोलीत सांगितलेला निरोप तिकडे तमिळनाडूत दुकानात बसलेला माणूस दोनदा ऐकेल आणि घरी बायकोलाही ऐकवेल. पुण्याची प्रमाणभाषा तिला बोलायला लावू नका. मी ही चूक केली आहे. आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं त्या पोरीनं बोलून दाखवलं आणि ते कुणी पुढे पाठवलं नाही.

मागायचे किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो यात आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. मुष्टिफंडाची आठवण मात्र कमी काढली जाते. घरातल्या बाईनं रोज मूठभर धान्य पोरांच्या बोर्डिंगसाठी बाजूला ठेवायचं. एका मुठीनं घरचं काही कमी होत नाही, पण ती रोज बाजूला निघते, आणि रोज त्या घराला आठवतं की तिकडे आपली पोरं जेवतायत. त्या मुठीनं पोरांचं पोट भरलंच, शिवाय घरं संस्थेला बांधली गेली. म्हणून 'एका सायकलीचा सगळा खर्च उचला' हे आवाहन वर्षातून एकदा ठेवा, आणि बाकी वर्षभर महिन्याला शंभर रुपये मागा. पंक्चर, ब्रेक, चेन, टायर यांचे. यूपीआयवर महिन्याच्या महिन्याला आपोआप पैसे जाण्याची सोय आहे, पण त्यासाठी संस्थेकडून आधी व्यवस्था लावावी लागते. बँकेत विचारून बघा. ती होईपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला नम्र आठवण पाठवा. पगारवाल्यांना पाच तारीख सोयीची. दुकानदारांना कुठलीही चालते, फक्त सण तोंडावर आलेला नको.

आता लिहायचं कसं. तुमच्या पेजवरची ती आठशे लाइकची पोस्ट मी बघितलेली नाही, पण तिचा मजकूर मी डोळे मिटून सांगतो: 'आज रोजी अमुक गावी आमच्या संस्थेच्या वतीने गरीब व होतकरू विद्यार्थिनींना सायकल वाटप कार्यक्रम मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' पुढे मान्यवरांची नावं, पदांसकट. फोटोत एका सायकलच्या हँडलला सात हात आणि मुलगी कोपऱ्यात. या पोस्टला लाइक का येतात? फोटोतले मान्यवर आणि त्यांची माणसं देतात म्हणून. ते तुमचे वाचक नव्हेत.

तीच गोष्ट अशी लिहून बघा. उदाहरण माझ्या मनचं आहे, तुम्ही तुमचे आकडे घाला:

'आमच्या वस्तीपासून हायस्कूल साडेपाच किलोमीटर. एसटी सकाळी एकदाच येते आणि शाळा सुटून तासाभरानं परत जाते. हिवाळ्यात तोवर अंधार पडतो. म्हणून सातवी झाली की मुलींचं नाव कमी व्हायचं. जूनमध्ये नऊ सायकली दिल्या. आज ऑक्टोबरची वीस तारीख, नऊपैकी सात मुली रोज जातात. एकीची सायकल तिच्या भावानं कामाला नेली. त्याच्याशी बोलणं चालू आहे. एकीनं शाळा सोडलीच, पण त्याचं कारण सायकल नव्हतं. पंक्चर काढायला आतापर्यंत एक हजार दोनशे चाळीस रुपये गेले. आम्ही ते धरलेच नव्हते.'

यात मान्यवर नाहीत आणि 'होतकरू' नाही. दोन सायकली फसल्या हे मात्र आहे. नवख्या कार्यकर्त्यांना याचीच भीती वाटते की असं लिहिलं तर लोक पैसे बंद करतील. माझा अनुभव उलटा आहे. माण तालुक्यात एका संस्थेबरोबर पाणलोटाचं काम करताना आम्ही घातलेला एक मातीचा बंधारा पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. कार्यकारिणीत वाद झाला, फोटो टाकायचा की नाही. शेवटी टाकला, आणि सांडवा कुठे कमी पडला ते चार ओळींत लिहिलं. त्या आठवड्यात दोन निवृत्त अभियंत्यांचे फोन आले. एकानं स्वतःच्या खर्चानं येऊन आखणी करून दिली आणि नंतर वर्षानुवर्षं तो माणूस आमच्या कामात राहिला. यशाच्या पोस्टवर लोक 'अभिनंदन' लिहितात आणि पुढे जातात. अडलेलं काम दिसलं की जाणकार माणसाचा हात शिवशिवतो.

मदत म्हणजे पैसाच, असं धरू नका हेही त्यातून आलं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. पुढच्या वर्षांत १ मेच्या श्रमदानाला शहरांतली माणसं कुदळ-फावडं घेऊन गावांत उतरली. त्यांच्याकडे मागितला होता तो दिवस, आणि काम असं नेमकं होतं की आलेल्या माणसाला संध्याकाळी आपण खणलेला चर दिसावा. तुम्हालाही मागता येईल: विट्यातला सायकल दुरुस्तीवाला महिन्यातून एक रविवार, अभ्यासिकेला पोलीस भरती झालेल्या एखाद्या मुलीचे दोन तास, कुणाच्या घरी धूळ खात पडलेली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पुस्तकं मागताना कुठल्या सालापासूनची चालतील ते लिहा, नाहीतर रद्दी येते.

रद्दीवरून २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. मी तेव्हा एका संस्थेबरोबर मदतीच्या कामात होतो आणि घाईघाईत मी एक निरोप लिहिला: 'पूरग्रस्तांसाठी कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या तातडीनं हव्या आहेत', खाली माझा नंबर. त्यावर तारीख नव्हती, कोणत्या गावासाठी हे नव्हतं आणि कधीपर्यंत हेही नव्हतं. दोन दिवसांत तो निरोप कुठल्या कुठे गेला. पाणी उतरल्यावर खरी गरज होती ती खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट, अंथरुणं, शाळेची दप्तरं यांची. आणि आमच्या दारात टेम्पो उतरत होते जुन्या कपड्यांचे. त्यात लग्नातले कोट होते, एकेकट्या चपला होत्या. ते निवडायला माणसं लावावी लागली, जी गाळ काढायला हवी होती. दिवाळीपर्यंत मला फोन येत होते, 'बिस्किटं पाठवू का?' मी माझ्या मोबाईलमधून निरोप पुसून टाकला, पण पुढे गेलेल्या निरोपाचं काय करणार? ज्यानं तो पुढे पाठवला त्याच्याकडून तो पुसता येत नाही.

ब्लॉग का हवा, याचं मला पटलेलं पहिलं उत्तर हे आहे. आवाहन ब्लॉगवर लिहायचं आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी व त्याची लिंक पाठवायची. गरज बदलली की पानावरचा मजकूर बदलायचा. गरज संपली की वर ठळक लिहायचं, 'आता पुरे, पाठवू नका.' लिंक जगभर फिरू दे, उघडणाऱ्याला आजचंच दिसतं. तरीसुद्धा निरोपाच्या पहिल्या ओळीत तारीख आणि शेवटच्या ओळीत मुदत असलीच पाहिजे, कारण सगळे काही लिंक उघडत नाहीत.

दुसरं कारण, फेसबुकवर टाकलेलं दोन दिवसांत खाली जातं. तीन वर्षांनी एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी बघणारा माणूस तुमचं नाव गुगलवर टाकतो तेव्हा त्याला काहीतरी सापडलं पाहिजे, आणि ते २०२२ साली काय केलं, २०२३ साली काय केलं असं ओळीनं सापडलं पाहिजे. महागडी वेबसाइट नको. गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, मोबाईलवरून चालतं, आणि महिन्याला दोन नोंदी पुरेत. पण त्या दोन चुकवू नका. सहा महिने बंद पडलेला ब्लॉग बघितला की लोकांना वाटतं संस्थाच बंद पडली.

एक गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी संस्थांचं यात फार नुकसान झालं आहे. तुमचे जुने अहवाल डीटीपीवाल्यानं श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये केलेले असणार. छापायला ते उत्तम. पण तो मजकूर उचलून ब्लॉगवर टाकला की अक्षरांच्या जागी कंस आणि टिंबं येतात, आणि गुगलला त्यातलं एक अक्षर कळत नाही. म्हणजे पंधरा वर्षांचं काम लिहिलेलं आहे, आणि शोधणाऱ्याला ते नसल्यातच जमा आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर आणि संगणकावर तीच अक्षरं दिसतात. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलेलं, किंवा बोलून लिहिलेलं, आपोआप युनिकोड असतं. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. नंतर एकदा वाचून काढा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. तसंच सगळा मजकूर फोटोवर छापून रंगीत पोस्टर करायची जी सवय लागली आहे ती सोडा. पोस्टरवरचा मजकूर शोधताना नीट सापडत नाही, आणि ज्या अंध वाचकाचा मोबाईल त्याला मजकूर वाचून दाखवतो त्याच्यासाठी ते पोस्टर मुकं असतं. फोटो वेगळा, मजकूर वेगळा.

आणि शीर्षकात गावाचं नाव घाला. 'एक आगळावेगळा उपक्रम' असं शीर्षक कुणीही शोधत नाही. दिघंची, निंबवडे, झरे ही नावं मात्र त्या त्या गावचा माणूस परमुलखात बसून कधीतरी गुगलवर टाकतोच. कधी जमिनीच्या कामासाठी, कधी नुसतीच आठवण आली म्हणून. गावाची एक नोंद अशी ठेवा की तिथे तुम्ही काय केलं, कुणी साथ दिली, अजून काय राहिलं हे सगळं एका ठिकाणी असेल, आणि तीच नोंद वर्षातून दोनदा ताजी करा.

फोटोंबद्दल मी जरा कडक आहे, त्यामागे कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीच्या फोटोखाली मी 'अत्यंत गरीब कुटुंबातील, वडील व्यसनी' असं लिहिलं. सगळं खरं होतं, आईची परवानगीही घेतली होती. काही वर्षांनी त्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना समोरच्या पाहुण्यांनी तोच फोटो मोबाईलवर काढून दाखवला. बोलणी मोडली नाहीत, पण तिची आई मला भेटायला आली आणि काही न बोलता बराच वेळ बसून राहिली. तेव्हापासून माझा नेम आहे: चेहरा दाखवला तर दुःख लिहायचं नाही, दुःख लिहायचं तर चेहरा, नाव, वस्ती काहीच नाही. सायकलीचं गंजलेलं पॅडल, चढाचा रस्ता, हजेरीपटाचं पान (नावं झाकून), चिखलात उमटलेला टायर, हे फोटो पुरेसे बोलतात. आणि परवानगी आईवडिलांची घ्याच, पण मुलीलाही विचारा, तिच्या भाषेत, आणि 'नको' म्हणाली तर सायकल तशीच द्या. संस्था बालगृहासारखं काम करत असेल किंवा मूल एखाद्या गुन्ह्यात पीडित असेल तर हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न राहत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि चेहरा अर्धवट पुसून शाळेचं नाव तसंच ठेवलं तरी ओळख उघड होतेच.

पैशांच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी ठेच लागते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा हवा. स्कॅन केल्यावर खजिनदाराचं नाव आलं की माणूस तिथेच थांबतो, आणि थांबतो तेच बरोबर करतो. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, नोंदणी असेल तर ती सांगा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून: रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर तिला ती सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ८०जीचा फायदाच नाही. म्हणून 'करसवलत मिळवा' असं आवाहनाच्या डोक्यावर लिहू नका. पावतीच्या तळाला ती माहिती पुरे. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळांनी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१क कलमाखाली परवानगी घेण्याची वाट आहे. गणपती मंडळांना ती माहीत असते, पुराच्या वेळी मदत गोळा करणाऱ्यांना आठवत नाही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारावं.

परदेशातून पैसे येतील अशी आशा असेल तर जपून. तुमच्या गावचा मुलगा अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, तर त्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मागून ठेवा. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तो कितीही आपला असला, यात्रेला दरवर्षी येत असला, तरी एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय त्याचा एक रुपयाही घेता येत नाही. फेसबुकवर क्यूआर टाकला की तो कोण स्कॅन करतो ते आपल्या हातात नसतं, म्हणून क्यूआरच्या खाली एक ओळ कायम हवी: 'फक्त भारतीय नागरिकांकडून.'

रील? अभ्यासिकेतल्या मुलींना करावीशी वाटली तर करू द्या, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं, आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या मुली अभ्यासिकेत येतील. देणगी येणार नाही. पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' करणं सध्या नको. गुगल संस्थांना फुकट जाहिराती देतं, त्यालाही स्वतःची वेबसाइट आणि सतत लक्ष देणारा माणूस लागतो. तुमच्या तीन-चार तासांत ते बसणार नाही.

पासवर्डचं मात्र आजच बघा. एका संस्थेचं पेज एका उत्साही कार्यकर्त्यानं स्वतःच्या खात्यावरून काढलं होतं. पुढे तो नोकरीला गेला, मग त्याचं आणि संस्थेचं बिनसलं, आणि सहा वर्षांचे फोटो, हजारो माणसं, सगळं त्याच्याबरोबर गेलं. भांडायलाही जागा नव्हती, कारण पेज कागदोपत्री त्याचंच. किमान दोन विश्वस्त ॲडमिन हवेत, ब्लॉगचा ईमेल संस्थेचा हवा, आणि व्हॉट्सॲपचं सिमकार्ड संस्थेच्या नावावर. हे सगळं कार्यवाहीच्या वहीत ठराव करून लिहून ठेवा.

तुमच्या चार तासांची वाटणी मी अशी करीन. सोमवारी रात्री अर्धा तास, गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय झालं ते वहीत. मुली, सायकली, खर्च, कुणी काय म्हणालं. फोटो नसला तरी चालेल. बुधवारी तासभर त्यातली एकच गोष्ट निवडून व्हॉट्सॲपला सात-आठ ओळी, तीच फेसबुकवर. आलेल्या उत्तरांना उत्तरं देण्यात दोन दिवस मिळून एक तास जाईल, तो वाया गेला असं समजू नका. उरलेला वेळ महिन्यातून दोनदा ब्लॉगच्या नोंदीला. देणगी आली तर पावती त्याच दिवशी, हे वाटणीच्या बाहेरचं काम, ते चुकवायचं नाही. जानेवारीत कंटाळा येईल. यात्रा, लग्नसराई, परीक्षा सगळं एकदम येतं. तेव्हा ब्लॉग महिन्याला एकावर आणा, पण बुधवारच्या ओळी सोडू नका.

पहिली नोंद कशाची लिहू, असं तुम्ही पुढचं पत्र पाठवाल म्हणून आत्ताच सांगतो. त्या अकरा जणांच्या पैशांची लिहा. एकूण किती जमले, सायकल कितीला पडली, कुठल्या गावच्या दुकानातून घेतली, दुकानदारानं किती सोडले, कॅरिअर आणि कुलूप वेगळं किती लागलं, उरले ते कुठे आहेत. देणाऱ्यांची नावं त्यांना विचारूनच घाला. चौघांतला एखादा 'माझं नको' म्हणेल, त्याच्यापुढे 'एक हितचिंतक' लिहा. नातेवाइकांच्या पैशांचाही तितकाच बारीक हिशेब द्या, आणि नोंद झाली की लिंक अकराही जणांना एकेकट्याला पाठवा, ग्रुपवर नको.